पाणी न लागणारं घर

कुपवाडला मी जिथं नोकरी करते तिथं घरं बनतात, असं सांगितलं की लोकांना मी बिल्डरकडे आहे असं वाटतं आणि ते लगेच फ्लॅटचा भाव विचारतात. मग मला खुलासा करावा लागतो. आमच्या शेडमध्ये घराचा सांगाडा बनतो. पोलादी पत्र्याची गुंडाळी यंत्रात एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं दुमडलेल्या लांब पट्ट्या बाहेर येतात. प्रत्येक पट्टीच्या टोकाला जीभ असते नाहीतर खाच असते. जीभ खाचेत घातली, वरून रबरी हातोडीचा एक ठोका दिला, की खट् आवाज होतो आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना अशा धरून बसतात की नवरा-बायकोनं त्यांच्याकडून शिकावं. नंबर बघून जोडत गेलं की खोली उभी राहते. मग बाहेरून सिमेंटचे बोर्ड, आतून जिप्समचे बोर्ड आणि मध्ये लोकरीसारखा थर. वीट नाही, गिलावा नाही आणि मुख्य म्हणजे गवंडी नाही. माझं काम ड्रॉइंगचं. कोणती जीभ कोणत्या खाचेत जाणार हे मी ठरवते. सांगलीला सासरी माझ्या शब्दाला जेवढी किंमत आहे त्यापेक्षा ही बरीच जास्त.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर लोक म्हणतात, "म्हणजे पत्र्याचं शेडच की."

हल्ली मी वाद घालत नाही.

माझं माहेर मलकापूरच्या पुढं. कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर असं म्हणायचं आणि माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बराच वेळ बसायचं, इतक्या लांब. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आले. धाकटे चुलते म्हणजे तात्या. आण्णा सीमेवर होते तेव्हा ऊस, म्हशी, अंथरुणाला खिळलेली आजी आणि आम्ही दोन पोरं, हे सगळं तात्यांनी सांभाळलं. काकू लग्नानंतर लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, तात्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. "भावाची पोरं आपली मानली हो त्यांनी," असं गावात कौतुकानं म्हणतात. मला ते वाक्य कधीच आवडलं नाही. मानायचं काय त्यात? शाळेत जाताना माझ्या वेण्या तेच घालायचे, म्हशीचं दावं वळावं तशा घट्ट, आणि मी दिवसभर डोळे ताणलेल्या अवस्थेत गणितं सोडवायची. आण्णा रजेवर आले की म्हणायचे, पोरीचा चेहरा बदलला की रे. पोरीचा चेहरा वेण्यांमुळं बदललेला होता.

धाकटा भाऊ मोठा झाला, ऊस करायला लागला, वर ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम धरलं, आणि लग्नाचा झाला. पुढं तो बराच काळ लग्नाचाच राहिला. मुलीकडची माणसं यायची, पोहे खायची, चहा प्यायची, मान वर करून आमच्या कौलांकडं बघायची आणि विचारायची, "स्लॅबचं घर न्हाई व्हय?" पुन्हा त्यांचा फोन यायचा नाही. आमच्याकडं मुलाला व्यसन नाही, हातात काम आहे, रान पाण्याखाली आहे, हे सगळं नंतरचं. आधी स्लॅब. डोक्यावर काँक्रीट नसलेल्या मुलाच्या डोक्यात काही असेल यावर कुणाचा विश्वास नाही.

शेवटी आटपाडीकडचं एक स्थळ आलं. डाळिंबवाली माणसं. मुलगी कऱ्हाडलाच दवाखान्यात नर्स होती. आमचा भाऊ, जो घरात डिझेलच्या भावापलीकडं बोलत नसे, तो तिला एकदा भेटून आला आणि रोज दाढी करायला लागला. मुलीलाही तो पसंत होता. बोलणी करायला मुलीचे मामा आले. मामा स्पष्ट बोलणारे. असं म्हणतात तेव्हा समजायचं, की त्यांचं बोलणं दुसऱ्यांना झेपत नाही.

"घर स्लॅबचं पायजे," मामा म्हणाले. "आन् येगळं पायजे. सासू-सासऱ्याचं आमचं काय म्हननं न्हाई. पर चुलता-बिलता नको. आमच्या पोरीनं दवाखान्यात पेशंटचं करायचं, घरी यून किती म्हाताऱ्यांचं करायचं?"

हे बोलताना ते चहा पीत होते. चहातलं दूध तात्यांनी पहाटे काढलेलं होतं. तात्या त्या वेळी गोठ्यात होते. तेवढ्यात ते दुधाची चरवी घेऊन आत आले आणि म्हणाले, "पावण्यांस्नी आजून येक चा टाका की."

पाहुणे गेल्यावर ठरलं, रस्त्याकडेच्या रानाच्या कोपऱ्यात नवीन घर बांधायचं. आण्णा, आई, भाऊ आणि पुढं येणारी सून नव्या घरात. तात्या जुन्या घरात. हे तात्यांना सांगायचं कुणी, एवढंच ठरायचं राहिलं. आण्णा म्हणाले, मी मोठा भाऊ, माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही. आई म्हणाली, मी बाईमाणूस, माझ्या तोंडून तर मुळीच बरं दिसणार नाही. भाऊ म्हणाला, माझंच लग्न, मी कसं बोलू, ताई सांगेल. ताई, म्हणजे मी, म्हणाले, मी सासरी गेलेली, माहेरच्या वाटण्या करायला मला बोलवू नका. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं. त्यामुळं तात्यांना फक्त एवढंच कळलं की घर बांधायचंय.

त्यांच्याइतका आनंद दुसऱ्या कुणालाच झाला नाही. कोपऱ्यात त्यांनी लावलेला शेवगा होता, शेंगांनी भरलेला. तो त्यांनी स्वतःच तोडला. "आपल्या घराला म्होरं मोकळं पायजे," म्हणाले.

गावातल्या गवंड्यानं दोन दिवाळ्यांची मुदत मागितली. मामा तर तुळशीच्या लग्नानंतर थांबायला तयार नव्हते, त्यांच्याकडं म्हणे आणखी दोन स्थळं चालून आलेली होती. तेव्हा आण्णांनी मला फोन केला. माझ्या नोकरीला ते आजवर "डब्यांचा कारखाना" म्हणत. आता आवाज मऊ करून म्हणाले, "तुमच्यातलं ते खटक्याचं घर लवकर हुतं का गं?"

आमचे मालक जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणारे, त्यामुळं संध्याकाळी त्यांना गाठायचं तर घड्याळाकडं नाही, आभाळाकडं बघावं लागतं. मी गाठलं. ते म्हणाले, "माहेरचं काम आहे. ड्रॉइंग दोनदा तपासा. बाकीची गिऱ्हाइकं वर्षभर बोलतात, माहेरची जन्मभर."

मी ड्रॉइंग काढलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात एक लहान खोली. आण्णांना मोबाईलवर पाठवलं. त्यांचा फोन आला. "ती पूर्वेची खोली कसली?"

"जागा उरली होती."

"तिला कायतरी नाव लिही." मी 'स्टोअर' असं लिहिलं. ती खोली मी कशासाठी काढली होती हे मला माहीत होतं आणि आण्णांनाही माहीत होतं. नाहीतर त्यांनी विचारलंच नसतं.

साधं घर बांधताना वेळ लागतो, तो काही गवंड्याच्या आळसापायीच लागतो असं नाही, हे मला तेव्हा कळलं. पाया खणताना भावाभावांत कुरबूर होते. चौकट बसवायच्या दिवशी अबोला सुरू होतो. भिंती छातीइतक्या होईपर्यंत सगळ्यांचं सगळं बोलून झालेलं असतं, आणि स्लॅबच्या दिवशी जिलेबी खाऊन समेट होतो. आमच्या घरानं तेवढी सवडच दिली नाही. पायाचं काँक्रीट वाळलं, कुपवाडहून ट्रक आला, आमच्या फिटरांनी रबरी हातोड्या काढल्या आणि दिवसभर नुसतं खट् खट् खट्. बघता बघता सांगाडा उभा. गावातली जाणती माणसं सल्ले द्यायला यायची आणि हिरमुसून जायची. एक गृहस्थ स्वयंपाकघर आग्नेयेला घ्या असं सांगायला मुद्दाम आले, तर स्वयंपाकघर आग्नेयेला आधीच उभं होतं. ते चहासुद्धा न घेता गेले.

तात्या मात्र रोज विचारायचे, "स्लॅब कवा?" त्यांच्या लेखी स्लॅबशिवाय घर नव्हतं. आमच्या घराला वर पत्र्याच्या तक्त्यांवर काँक्रीटचा थर ओततात. एका दुपारी कऱ्हाडहून पंपाची गाडी आली आणि तेही झालं. पण तात्यांनी जिलेबी आणलीच, फिटरांना पानं मांडून जेवायला घातलं, त्यांच्या कपाळाला गंध लावलं. जाताना मुख्य फिटर तात्यांना म्हणाला, "वर रोज पाणी मारा हं."

या घराबद्दल तात्यांना कुणी स्पष्टपणे सांगितलेली ही एकमेव गोष्ट.

त्यांनी छतावर माती नेली, उसाला बांधावेत तसे वाफे बांधले आणि पाणी भरलं. पुढं फिटरांनी आत-बाहेर बोर्ड लावले आणि ते दुसऱ्या कामावर गेले. सांधे बुजवायचे आणि रंग द्यायचा, एवढंच राहिलं होतं. आणि मामांचा फोन आला की उद्या घर बघायला येतो. आण्णांनी मला बोलावून घेतलं. "तू त्यांना नीट समजावून सांग. आन् पत्रा हा शब्द तोंडातून काढू नको."

मी सकाळी पोचले. घरात शिरले तर चपलेखाली पाणी. पूर्वेच्या लहान खोलीत तात्या धोतर खोचून उभे, हातात पाईप, आणि आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सावकाश पाणी सोडत होते.

"तात्या! आवं काय करताय हे?"

"पानी मारतोय. रोज सकाळ-संध्याकाळ मारतोय. तुमी समदी घाईत. नवं बांधकाम हाय, पानी न्हाई प्यालं तर तडकंल की उद्या."

मी भिंतीला हात लावला. जिप्समचा बोर्ड खालून फुगला होता, बोट दाबलं तर आत जात होतं. आतली लोकर भिजून जड झाली असणार. मी किंचाळलेच. "ह्या भिंतीला पाणी लागत नाही तात्या! वरच्या काँक्रीटला लागतं, भिंतीला नाही! ह्यात वीट नाही, सिमेंटचा गिलावा नाही, वाट लागली सगळी!"

त्यांनी पाईप मुडपून धरला. पाणी थांबलं.

"मंग मला सांगायचं न्हाई व्हय गं कुनी?"

आण्णा आणि आई दारात येऊन उभे होते. भाऊ मागं. मघाशी एवढी ओरडणारी मी भिंतीचा फुगवटा चाचपायला लागले. ज्या आण्णांनी बर्फात चौकी राखली, ते छताच्या कोपऱ्याकडं निरखून बघायला लागले.

तात्यांना वाटलं, आम्ही नुकसानीमुळं गप्प आहोत. ते ओशाळून म्हणाले, "बाकीच्या खोल्यांस्नी न्हाई मारलं फारसं. वरवर. हिला जरा जास्ती. म्हटलं, हितं आपल्याला ऱ्हायाचंय, आपली भित आपुन पक्की करावी." मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "तूच आखलंयस न्हवं घर? मला सांग, ह्यात खुंटी बसंल का? सदऱ्याला लागंल येक."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मामा आले, सोबत मुलीचे आई-वडील. ते दोघं मामांच्या मागं उभे राहिले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. मामांनी चपला काढल्या आणि पहिलं काम केलं ते म्हणजे हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक. आमच्या भागात घर असंच बघतात. कलिंगड घेतानाही असंच बघतात. भिंत ठण्ण वाजली.

"आत काय न्हाईच का?"

मी पुढं झाले, पोलादाचा सांगाडा, जीभ, खाच, भूकंप, सगळं सांगितलं. मामांनी लक्ष देऊन ऐकलं आणि स्वयंपाकघराची भिंत वाजवली. ठण्ण. मोठ्या खोलीची वाजवली. ठण्ण. "डबा वाजतोय की हो सुभेदार," ते म्हणाले. आण्णांनी इतकी वर्षं मला ऐकवलेला शब्द. एरवी मला मजा वाटली असती. पण मी भावाकडं पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गुळगुळीत दाढी केलेल्या त्या तोंडाकडं मला बघवेना.

मग मामा पूर्वेच्या खोलीत गेले. तिथं वाजवली. धप्प. पुन्हा वाजवली, तळहातानं. धप्प. त्यांचा चेहरा उजळला.

"ही हाय भित! अशी पायजे. ही वली कशी?"

"पानी मारलंय," तात्या कोपऱ्यातून म्हणाले.

"बघा!" मामा सगळ्यांकडं वळून म्हणाले. "जुन्या मानसाला कळतं. पानी मारल्याबिगर भित पक्की हुती व्हय? बाकीच्यास्नी बी मारा, आपोआप धरतील." मी तोंड उघडलं आणि आईनं माझा दंड चिमटीत धरला. वाजणाऱ्या चांगल्या भिंती नापास झाल्या होत्या आणि भिजून कामातून गेलेली एकटी पास झाली होती. माझ्या सगळ्या शिक्षणाचा निकाल असा लागला.

मामांनी खोलीभर नजर फिरवली. "ही कुनाची खोली?"

सोपा प्रश्न होता. भावानं ओल्या जमिनीवर पाय घासला. आण्णा पुन्हा छताकडं बघायला लागले. तात्यांनी आधी माझ्या भावाकडं पाहिलं, मग आण्णांकडं, मग माझ्याकडं. आणि आम्ही कुणीच ज्याला तोंड फोडलं नव्हतं ते सगळं त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. मला ते कळताना दिसलं. हातातल्या पाईपचा मुडपलेला भाग त्यांनी आणखी घट्ट आवळला.

"ही व्हय?" तात्या म्हणाले. "ही पावण्यांची. कोन आलं-गेलं तर आसावी येक. मी आपला जुन्या घरात. म्हशी हायत तकडं, त्यास्नी सोडून मी कुठं जातोय?"

"झ्याक!" मामा म्हणाले. "पावण्यांची खोली लय ग्वाड हाय."

सोयरीक जुळली. साखर वाटली गेली. मी मागच्या बाजूला जाऊन रडले, आणि रडता रडता मला सगळ्यांचा राग येत होता. मामांचा, आण्णांचा, पाय घासत उभ्या राहिलेल्या भावाचा, माझा. सगळ्यांत जास्त तात्यांचा. घर लवकर उभं राहिलं ते यंत्रानं. या माणसाला एवढ्या झटकन समजून घ्यायची काय गरज होती? जरा आडून बसले असते, भांडले असते, ताट लोटलं असतं, तर आम्हालाही काहीतरी बोलता आलं असतं.

लग्न छान झालं. पूर्वेच्या खोलीचे भिजलेले बोर्ड आमच्या फिटरांनी काढून नवीन लावले. सांगाड्याला काही झालं नव्हतं, त्याला कधीच काही होत नाही. आता ती खोलीही बाकीच्या घरासारखी वाजते. भावाची बायको चांगली आहे, कामाला वाघ आणि बोलायला गोड. एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो असताना तिनं मला विचारलं, "ताई, तात्या तिकडं एकटेच का राहतात?" मी तिला मामांची अट सांगितली. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिला ती अट माहीतच नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. त्याच संध्याकाळी ती आणि भाऊ तात्यांना आणायला गेले. तात्या हसले आणि म्हशींचं कारण सांगितलं. अजून तेच सांगतात.

परवा मी माहेरी गेले होते. तात्या चरवी घेऊन आले. पायऱ्या चढून हॉलमध्ये आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. जुन्या घरात ते आल्या आल्या माठातून स्वतःच पाणी घेत, उभ्यानं, घटाघटा. इथं सून लगबगीनं आतून आली, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र त्यांच्यापुढं धरलं. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलंय, घरी पाहुणं आलं की आधी पाणी द्यायचं. तात्यांनी तांब्या हातात घेऊन फुलपात्र भरलं, पाणी प्यायले, "बास बास" म्हणाले, आणि उठले.

मी त्यांना सोडायला बाहेर गेले. तांब्या त्यांच्या हातातच राहिला होता, त्यात पाणी उरलं होतं. पायरी उतरून ते वळले आणि पूर्वेच्या खोलीच्या भिंतीच्या बुडाशी ते पाणी ओतलं. एका जागी नाही, हात फिरवत, सगळीकडं सारखं पडेल असं. मग रिकामा तांब्या माझ्याकडं दिला आणि जुन्या घराच्या वाटेला लागले.

त्या भिंतीला पाणी लागत नाही, हे आता त्यांना माहीत आहे.